मधल्या रेघेचा चष्मा

"मामा, वर बघा. छताकडं."

"वरच बगतोय."

"मग पापणी ढिली सोडा."

"मी कुटं धरलीया? तू बोट आणलंस की ती आपसूक मिटतीया. मी काय करू?"

मामा खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले होते आणि माझ्या बोटाच्या टोकावर ती इवलीशी लेन्स थरथरत होती. दारात उभ्या असलेल्या आत्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "चौतीस वर्षं दांडग्या दांडग्या पोरांच्या मधी शिट्टी घिऊन हुबा ऱ्हायलाय म्हणं," त्या म्हणाल्या, "आन् आता सुनंच्या बोटाला भ्यालाय."

आमच्या घरात सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायची रीत. मामा म्हणजे हिंदुराव थोरबोले, साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पण फिटर म्हणून त्यांना कुणी ओळखत नसे. तासगावच्या अलीकडं-पलीकडं जिथं कबड्डी खेळली जाते, तिथं ते पंच म्हणून माहीत होते. निकाल देताना त्यांनी कधी गाव बघितलं नाही, जात बघितली नाही आणि पाहुणा बघितला नाही, असं लोक सांगायचे. सख्ख्या भाच्याला त्यांनी एकदा फायनलमधून बाहेर काढला होता आणि बहीण दोन दिवाळ्या बोलली नव्हती.

त्या वर्षी जिल्ह्याच्या संघटनेनं नवा नियम काढला होता. पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येक पंचानं डोळे तपासून दाखला द्यायचा. मामांना एकसष्ट पूर्ण झाली होती. मी नुकतीच मिरजेहून लग्न होऊन आलेली, चष्म्याच्या नंबराचा अभ्यासक्रम केलेली, आणि दोनच महिन्यांपूर्वी घरातल्या रस्त्याकडच्या खोलीत दुकान टाकलेली. त्या खोलीत आधी मामांच्या ढाली आणि चषक होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच ते सगळे माळ्यावर चढवले होते. मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं अशी माझी पक्की खात्री होती.

पाऊण तास झटापट झाली. तीनदा लेन्स खाली पडली. चौथ्यांदा ती कुठं सापडेना, तेव्हा आत्यांनी ती मामांच्या मिशीतून काढून दिली.

"ऱ्हाऊ दे हे," मामा रुमालानं डोळे पुसत म्हणाले. "मैदानात धुरळा हुतो. मी सारखा डोळं चोळतो. चोळता चोळता ती बाहीर पडली तर मी निकाल दिऊ का काच हुडकू?"

"मग चष्मा घ्या."

मामांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "स्वरूपा, निकाल आवडला न्हाई की मान्सं पंचाला काय वरडत्यात, ठावं हाय?"

"काय?"

"चष्मा लाव की! चौतीस वर्षं हेच ऐकतोय. आन् आता मी खरंच चष्मा लावून गेलो, तर मंग काय वरडतील?"

"काचा पूस की," आत्या म्हणाल्या.

मामांनाही हसू फुटलं आणि चष्म्याचं ठरलं.

चौकट निवडायला आम्ही तिघं बसलो. धातूची नको, कोपर लागलं तर रुतेल. काच नको, न फुटणारी लेन्स हवी. जड नको, घामानं घसरेल. शेवटी काळी, हलकी, कानामागं वळणारी एक चौकट मामांनी डोळ्यांवर ठेवली आणि बसल्या बसल्या मान जोरात हलवली. ती नाकावर आली. आत्या आत गेल्या, परकराचं इलॅस्टिक घेऊन आल्या आणि दोन्ही काड्यांना मागून ते शिवून टाकलं. मामांनी पुन्हा मान झटकली. चौकट जागची हलली नाही.

आता उरल्या काचा. माझं चुकलं ते इथं.

"मला नुस्तं लांबचं दे," मामा म्हणाले. "वाचायला घरात दुसरा चष्मा हायच."

"मामा, असे दोन-दोन चष्मे आता कोण वापरतं? मी तुम्हाला लांबचं आणि जवळचं एकाच काचेत देते. वरून लांबचं दिसेल, खालून जवळचं. मध्ये रेघसुद्धा दिसत नाही. सगळ्यात भारी लेन्स आहे."

"पन मैदानात जवळचं काय वाचायचंय मला? गुणपत्रक लिवायला येगळा मानूस असतोय की."

"सही नको करायला? घड्याळ नको बघायला?"

मामांनी आत्यांकडं बघितलं. आत्या म्हणाल्या, "ती शिकल्याली हाय. ती म्हणतीय ते घ्या."

आठवड्यानं काचा आल्या. मी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला, समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून घेतली, हातात वर्तमानपत्र देऊन छापील सूचना वाचून घेतली. सगळं बरोबर होतं. मग शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "खालचं काही बघायचं असलं तर नुसते डोळे खाली नका करू. मान खाली घालून बघा."

"मान?" मामा म्हणाले. "मैदानात?"

"हो. सवय होते आठ दिवसांत."

त्यांनी चष्मा नाकावर नीट केला. मग "बरं" म्हणाले. मोठी माणसं डॉक्टरला "बरं" म्हणतात, तसं. मी दाखल्यावर शिक्का मारला आणि त्यांना घरातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणून पेढा दिला.

जत्रेतल्या स्पर्धेची फायनल फेब्रुवारीत, उन्हं कलताना होती. त्या वर्षी पहिल्यांदाच मंडळानं मातीच्या मैदानावर रबरी मॅट अंथरली होती. निळी-पिवळी मॅट आणि तिच्यावर पांढऱ्या पट्ट्यांच्या रेषा. बायकांसाठी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या बाजूला लावल्या होत्या. मी आणि आत्या पहिल्या ट्रॉलीत बसलो होतो. खरं सांगायचं तर खेळाकडं माझं लक्षच नव्हतं. मी माझा चष्मा बघत होते. मामा पांढऱ्या कपड्यांत मधल्या रेषेच्या टोकाला उभे होते आणि ट्रॉलीतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "सुनंनं केलाय, सुनंनं."

आमचं गाव विरुद्ध पलीकडच्या तालुक्याचा संघ. शेवटचं मिनिट आलं आणि गाव एका गुणानं मागं होतं. शेवटची चढाई धनाजीची. धनाजी म्हणजे गावचा सगळ्यात चांगला खेळाडू, पंचवीस वर्षांचा. लहानपणी आमच्याच अंगणात मामांनी त्याला पाय कसा टाकायचा ते शिकवलं होतं. तो कबड्डी कबड्डी करत आत गेला, एकाला बोट लावलं, दुसऱ्याला लाथ लागली, आणि वळून सुटला. दोघांना स्पर्श झालेला. आता तो मधल्या रेषेपर्यंत परत पोचला की गाव जिंकणार होतं.

तेवढ्यात चौघं त्याच्या अंगावर पडले. ढीग घसरत घसरत थेट मामांच्या पायाशी आला. त्या ढिगाखालून धनाजीचा उजवा हात बाहेर आला, लांब झाला, बोटं ताणली गेली. पलीकडच्या पंचाला नुसत्या पाठी दिसत होत्या. बोटं आणि रेष दिसत होती ती फक्त मामांना.

मामांनी शिट्टी मारली आणि हात वर केला. बाद.

"मामा!" ढिगाखालून धनाजी ओरडला. "टेकली हुती! बगा की, टेकली हुती बोटं!"

आणि मग मामांनी एक विचित्र गोष्ट केली. ते वाकले, धनाजीचा हात हातात घेतला आणि त्याची बोटं डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागले. उलटीसुलटी करून बघितली. ते काय बघतायत ते मला कळलं नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "फक्की हुडकतोय."

मातीच्या मैदानात रेषा चुन्याच्या फक्कीनं आखतात. बोट टेकलं की बोटाला पांढरं लागतं, रेष फिसकटते. पंचाला क्षणभर दिसलं नाही तरी माती नंतर सांगते. मामांची चौतीस वर्षं मातीवर गेली होती. मॅटवरच्या पट्टीला कितीही हात लावा, पांढरं लागत नाही. त्यांनी धनाजीचा हात खाली ठेवला आणि पुन्हा बादचीच खूण केली.

गाव हरलं. आणि मग तो ओरडा सुरू झाला. फक्त त्या दिवशी "चष्मा लाव" नव्हतं. लोक ओरडत होते, "चष्मा काढ की! काढ तो चष्मा!"

कुणीतरी फोनवर शूटिंग केलं होतं. दिवेलागणीपर्यंत ते सगळ्या गावात फिरलं. त्यात स्पष्ट दिसत होतं. धनाजीची दोन बोटं पांढऱ्या पट्टीवर चांगली टेकलेली होती.

गावात दोन तट पडले. अर्धे म्हणत होते म्हातारा आंधळा झालाय, आणि अर्धे म्हणत होते विकला गेलाय. दुसरं बोलणारे थोडे होते, पण मामांना तेच जास्त लागलं असणार. धनाजीनं तर रस्त्यात मामा दिसले की तोंड फिरवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी मामांनी संघटनेला दोन ओळींचं पत्र लिहिलं: वयोमानामुळे यापुढे पंच म्हणून काम करू शकत नाही. शिट्टी धुऊन, पुसून, देवघराच्या बाजूच्या खिळ्याला टांगली.

मी एकदा विचारलं होतं, "मामा, चष्म्याचा काही त्रास नव्हता ना?"

"झ्याक हाय चष्मा," ते म्हणाले. "माझंच ध्यान न्हवतं."

आणि माझा विश्वास बसला. मला बसवून घ्यायचा होता, हेही खरं. उलट मामा तो चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत घालून हिंडायचे. पारावर, दूध डेअरीत, सोसायटीत. कुणी डोळ्यांचं काही बोललं की सांगायचे, "सुनंकडं जावा. मला बगा किती झ्याक दिसतंय." ज्या माणसाला गाव आंधळा म्हणत होतं, तो माझ्या दुकानाची जाहिरात करत होता. आणि गंमत म्हणजे माणसं येतही होती.

तीन आठवड्यांनी एक काकू आल्या होत्या. त्यांनाही मी तसाच बिनरेघेचा चष्मा दिला होता. मी त्यांना नेहमीचं समजावून सांगत होते. "काकू, पहिले काही दिवस जिना उतरताना सांभाळा हं. पायरी या काचेच्या खालच्या भागातून दिसते. तो भाग वाचण्यासाठी असतो, हाताएवढ्या अंतरासाठी. म्हणून पायरी धुरकट..."

माझं बोलणं तिथंच थांबलं. दुकानाच्या खिडकीतून घराचा ओटा दिसायचा. मामा ओट्यावरून खाली उतरत होते. उभे राहिले, मान ताठ, आणि एक पाय खाली सोडून त्यांनी पायरी चाचपली. मग दुसरी चाचपली. मग तिसरी.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

काकू गेल्यावर मी टेप घेऊन अंगणात गेले. डोळ्यापासून पायाशी असलेल्या जमिनीपर्यंत टेप धरला. दीड मीटरच्या थोडं वर. मामांना मी सहा मीटरवरचा तक्ता दाखवला होता आणि हातभर अंतरावरचं वर्तमानपत्र. दोन्ही वेळा ते माझ्या खुर्चीत बसलेले होते. त्यांच्या पायाशी काय असतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांच्या पायाशी मधली रेष होती.

मामा गोठ्याजवळ कडबा सारखा करत होते. मी विचारलं, "मामा, मैदानात मान खाली घालून का नाही बघितलंत त्या दिवशी?"

"पंचाची मान हालत न्हाई," ते कडब्याकडं बघतच म्हणाले. "नुस्तं डोळं हालत्यात. मान खाली गेली की तेवड्यात वर एकादी पकड निसटती. आमच्या गुरूनं डोस्क्यावर तांब्या ठिवून हुबं केलं हुतं आमाला."

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला रेघ दिसलीच नव्हती."

मामांनी कडबा खाली ठेवला.

"रेघ दिसली," मग म्हणाले. "बोटं बी दिसली. पन सगळं एकात एक मिसळल्यालं. कुटं बोट सपतंय आन् कुटं रेघ सुरू हुतीया ते कळंना. आन् जे दिसलं न्हाई ते द्यायचं न्हाई, आसा नेम हाय. म्हणून बाद दिला. घरी आल्याव चष्मा काडून, घालून बगितला. तवा कळलं."

"तेव्हाच कळलं? मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगून काय झालं आसतं? तू रडली आसतीस."

"मग गावाला सांगायचं. लोक तुम्हाला काय काय म्हणाले! विकलेला म्हणाले, मामा!"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. "पोरी, दुकानाला दोन म्हैनं झालं हुतं तुज्या. मी तोंड उगडलं आसतं, तर आख्ख्या पंचक्रोशीत कोन आलं आसतं तुज्याकडं? माझं काय, चौतीस वर्षं झाली. हुतं तेवडं नाव पुरलं मला. तुजं अजून व्हायचंय."

मी रडलेच. कडब्याच्या पेंढीवर बसून, लहान पोरीसारखी रडले. मामा गडबडून गेले आणि त्यांनी आत्यांना हाक मारली. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मामांना म्हणाल्या, "तीन आठवडं माज्यापासनं बी लपवलंसा व्हय?" आणि मग त्याही डोळ्यांना पदर लावून बसल्या.

त्याच संध्याकाळी मी एकटीच मैदानावर गेले. गावातली नवी सून तिथं कधी जात नसे. पोरं सराव थांबवून बघायला लागली. धनाजी पुढं आला. "काय वैनी?"

मी सगळ्यांसमोर सांगितलं. मामांनी फक्त लांबचा चष्मा मागितला होता, मी शहाणपणा करून दुसराच दिला, त्यातून पायाशी असलेली रेघ दिसत नाही. चूक मामांची नाही, माझी आहे.

धनाजीनं विचारलं, "आन् मामांनी हे कुणाला सांगितलं न्हाई?"

"नाही. माझ्या दुकानासाठी."

"मी त्यांला बगून तोंड फिरवत हुतो, वैनी," तो म्हणाला. मग त्यानं गुडघ्याची पट्टी काढली, हातात गुंडाळली आणि म्हणाला, "मॅटवरची रेघ दिसंल आसा चष्मा करता यील का तुमाला?"

"येईल. पण या वेळी खुर्चीत बसवून नाही करणार मी."

मामा यायला तयार होईनात. "पत्र दिलंय मी. आता कशाला तमाशा." पण दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजी स्वतः ओट्यापाशी येऊन उभा राहिला. त्यानं माफी वगैरे मागितली नाही. फक्त म्हणाला, "मामा, मी रेघंवर पडतो. तुमी यिऊन बगा." मामांनी त्याच्याकडं बघितलं, आणि चपला घातल्या.

मॅटवर सकाळचं कोवळं ऊन होतं. मी काचांची पेटी आणि तपासायची जड चौकट घेऊन गेले होते. मामा मधल्या रेषेच्या टोकाला उभे राहिले, त्यांच्या नेहमीच्या जागी, मान ताठ, पाय किंचित फाकलेले. मी त्यांना पहिल्यांदा असं नीट बघत होते. चौकट त्यांच्या डोळ्यांवर चढवून मी लांबचा नंबर घातला. धनाजी त्यांच्या पायाशी पालथा पडला आणि त्यानं हात पुढं ताणला.

"टेकली का?" धनाजीनं विचारलं.

"समजत न्हाई," मामा म्हणाले.

मी पाव नंबर बदलला. धनाजीनं बोटं किंचित मागं घेतली.

"आता?"

"न्हाई टेकली. पन काठ आजून धुरकट हाय."

आणखी पाव. लांबचं थोडं कमी होऊ दिलं. मैदानाच्या पार टोकाला असलेल्या पोराच्या बनियनवरचा आकडा मी वाचायला सांगितला. तो त्यांनी वाचला. मग पुन्हा खाली. धनाजीनं कधी बोट रेषेवर ठेवलं, कधी दोऱ्याएवढं अलीकडं ठेवलं, कधी नुसतंच वर उचलून धरलं. मामा मान न हलवता सांगत गेले. टेकली. न्हाई. टेकली. न्हाई. हवेत हाय, फसवू नगंस. बाजूला जमलेली पोरं आधी कुजबुजत होती, मग गप्प झाली.

शेवटी धनाजीनं बोटाचं नख रेषेला लागेल न लागेल असं ठेवलं. आम्हाला कुणालाच कळलं नसतं.

"नख टेकलंय," मामा म्हणाले. "नख कापत जा. चढाईत मोडंल."

धनाजी तसाच पालथा पडून हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं तोंड मॅटमध्ये लपवलं. मामा खाली बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी पेटीतल्या काचा उगाचच पुसत बसले.

नवा चष्मा झाला. साधा, एकाच नंबराचा, त्याच काळ्या चौकटीत, त्याच परकराच्या इलॅस्टिकचा. धनाजी आणि मंडळाची पोरं संघटनेत जाऊन मामांचं पत्र परत घेऊन आली. माझ्याकडं मात्र आठवड्याभरात पाच जणांनी चष्मे परत तपासायला आणले. चार बरोबर होते. पाचवा त्या काकूंचा, आणि त्यांची तक्रार चष्म्याची नव्हतीच, त्यांना मामांची हकीकत माझ्या तोंडून ऐकायची होती.

मे महिन्यात शेजारच्या गावात स्पर्धा होती. तिथंही मॅट होती, आणि फायनलला पुन्हा आमचं गाव. मामा मधल्या रेषेच्या टोकाला उभे राहिले, तेव्हा आमच्याच माणसांत कुजबुज सुरू झाली. मी आणि आत्या कडेला बसलो होतो. आत्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

नशिबाचा खेळ बघा. सामना बरोबरीत आला आणि शेवटची चढाई पुन्हा धनाजीची. तो आत गेला, एकाला स्पर्श केला, वळला, आणि तिघांनी त्याला मामांच्या बाजूलाच पाडलं. हात बाहेर आला. लांब झाला. बोटं ताणली गेली.

शिट्टी वाजली. मामांचा हात वर गेला. बाद.

मग आमच्या बाजूनं तो ओरडा उसळला. "आरं चष्मा! चष्मा काढ त्याचा!" दोघं-तिघं तर उठून रेषेकडं धावले. आत्यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

धनाजी उठला. गुडघे झटकले. धावत आलेल्यांच्या आडवा उभा राहिला आणि हात वर करून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "न्हवती टेकली! बोटभर ऱ्हायली हुती. मामांचं बरोबर हाय!"

ओरडा खाली बसला. आमचं गाव पुन्हा हरलं होतं, आणि हरवणारा निकाल आमच्याच मामांचा होता. तरी धनाजी हसत होता.

आत्यांनी माझा हात सोडला आणि स्वतःचे डोळे पुसले. मी मामांकडं बघितलं. त्यांना आमच्याकडं बघावंसं वाटत असणार, मला नक्की माहीत आहे. पण सामना संपल्याची शिट्टी अजून झाली नव्हती. मामांनी इलॅस्टिक कानामागं नीट केलं, आणि मान जराही न हलवता समोर बघत उभे राहिले.